विंडोज सोडून लिनक्सवर गेम खेळावेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी सांभाळून मी ओळखीपाळखीच्या लोकांचे पीसी जोडून देतो. बेळगावच्या टिळकवाडीतल्या रूमवर राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांपासून निपाणी-खानापूरच्या पालकांपर्यंत सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच विचारतात. प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. प्रश्न आले तसेच ठेवलेत, शुद्धलेखन तेवढं हातासरशी नीट केलंय.

१. लिनक्सवर गेम चालतात तरी काय? ते तर कोडिंगवाल्यांचं ना?

लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच पीसी चालवणारी, पण फुकट मिळणारी सिस्टीम. दहा वर्षांपूर्वी विचारलं असतं तर "नाद सोड" म्हटलं असतं. आज बरेचसे चालतात. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन नावाची सोय आणली, तिथून चित्र पालटलं. प्रोटॉनच्या पोटात वाईन, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, आहे, आणि वाईनचं काम १९९३ पासून चालू आहे. विंडोजचा गेम ग्राफिक्स कार्डाशी डायरेक्टएक्सच्या भाषेत बोलतो. लिनक्सला वल्कन समजतं. प्रोटॉन मध्ये बसून एकाचं दुसऱ्याला सांगतं. आपल्याकडे हे समजावणं सोपं आहे: कन्नडमधला उतारा आजीला मराठीत वाचून दाखवणारा नातू जे करतो, तेच. नातू हुशार असला की आजीला मधे कोणी आहे हेही जाणवत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातातलं यंत्र लिनक्सवरच चालतं. त्यामुळे प्रोटॉन नीट चालवणं ही वाल्व्हची स्वतःची गरज झाली. त्याचा फायदा आपल्याला फुकट मिळतो.

२. विंडोज १० बंद झालं म्हणतात. माझ्या पीसीवर ११ चढत नाही. आता लिनक्सच घ्यायला पाहिजे काय?

बंद झालं म्हणजे पीसी सुरू होणार नाही असं नाही. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठी नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत जाहीर झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे ऑफिसातून निघालेले चौथ्या-सहाव्या पिढीचे सेकंड हँड पीसी, जे आपल्याकडे घरोघरी आहेत, ते मध्येच लटकले.

तरी "विंडोज ११ चढत नाही" एवढ्यावर निर्णय घेऊ नका. तुम्ही कुठले गेम खेळता यावर घ्या (पुढचा प्रश्न बघा). मात्र विंडोज ७ किंवा ८ वर असाल तर थांबण्यात काही अर्थ नाही. स्टीमने त्यांचा हात १ जानेवारी २०२४ लाच सोडला.

३. माझे गेम चालतील की नाही हे बदलण्याआधी कसं कळणार?

आधी यादी करा. मनातली नको. वडगावच्या एका पोराने मला वीस गेमची यादी पाठवली. त्याच्या स्टीमवर कुठल्या गेमला किती तास दिलेत ते बघितलं, तर वीसपैकी दोनच खरे खेळ होते. बाकीचे सेलमध्ये घेऊन ठेवलेले, एकदाही न उघडलेले. त्या दोनांतला एक लिनक्सवर चालत नव्हता. विषय तिथंच मिटला, तो आजही विंडोजवर आहे आणि सुखात आहे.

तेव्हा गेल्या तीन महिन्यांत खरंच खेळलेले चार-पाच गेम लिहा आणि प्रत्येक गेम प्रोटॉनडीबी या साइटवर शोधा. तिथे खेळणारेच प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ किंवा बोर्क्ड असे शिक्के मारतात. शिक्क्यावर न थांबता खालचे अनुभव वाचा, त्यातही तुमच्यासारखं कार्ड असलेल्यांचे आणि गेल्या काही महिन्यांतले. ऑनलाइन गेम असेल तर 'आर वी अँटी-चीट येट' ही दुसरी साइटही बघायची (अँटी-चीट म्हणजे खेळातली लबाडी पकडणारा प्रोग्रॅम). प्लॅटिनम शिक्क्याच्या गेमचाही ऑनलाइन भाग बंद असू शकतो.

मोघम सांगायचं तर: सायबरपंक २०७७, विचर ३, रेड डेड २, एल्डन रिंग, एज ऑफ एम्पायर्स २ ही मंडळी चालतात. काउंटर-स्ट्राइक २, डोटा २, युरो ट्रक सिम्युलेटर २ आणि स्टारड्यू व्हॅली यांची तर लिनक्सची स्वतःची आवृत्ती आहे. माइनक्राफ्टचं जावा चालतं. बेडरॉक मात्र अधिकृतपणे नाही.

४. दादा, व्हॅलोरंट चालतं काय ते सांगा की. बाकी काही नको.

नाही चालत.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून कारणही सांगतो. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड हा अँटी-चीट प्रोग्रॅम विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये बसतो आणि मशीन सुरू झाल्यापासून जागा असतो. भाडेकरूवर नजर ठेवायला घरमालकाने त्याच्या स्वयंपाकघरात आपला माणूस बसवावा तसं. प्रोटॉन फक्त गेमपुरता दुभाष्या आहे. त्याच्याकडे विंडोजचा खरा कर्नल नसतो, मग त्या माणसाला बसवणार कुठं? शिवाय लिनक्सचा कर्नल कुणीही उघडून बदलू शकतो, त्यामुळे कंपन्यांचा त्यावर भरवसा नाही. स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्सवाल्यांचा वाटा पहिल्यांदा ३ टक्क्यांवर गेला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये. एवढ्या गिऱ्हाइकासाठी कोण डोकं लावणार, हा हिशेबही त्यात आहेच.

लीग ऑफ लेजेंड्स लिनक्सवर चालायचं. २०२४ मध्ये त्यातही व्हॅनगार्ड आला आणि संपलं. फोर्टनाइट, पबजीचा पीसीवरचा गेम, कॉल ऑफ ड्यूटी वॉरझोन, रेनबो सिक्स सीज, बॅटलफिल्ड ६, ईएचे अलीकडचे फुटबॉल गेम: नाही, नाही आणि नाही. एपेक्स लेजेंड्स चालत होता, ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी कंपनीने दार लावलं. जीटीए ५ ची गोष्ट वेगळीच. त्याची कथा आजही मस्त चालते, पण सप्टेंबर २०२४ पासून जीटीए ऑनलाइन बंद.

सगळे अँटी-चीट असे नसतात. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांनी २०२१ पासून प्रोटॉनला वाट करून दिलीय, फक्त ती उघडायची की नाही हे गेम बनवणारा ठरवतो. म्हणूनच एकाच अँटी-चीटचा एक गेम चालतो आणि दुसरा नाही. आज चालणारा उद्या बंद पडू शकतो, हे मनात धरूनच चला.

व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आत चालणाऱ्या नकली पीसीत) विंडोज टाकून व्हॅलोरंट खेळायची आयडिया दर महिन्याला कोणीतरी पाठवतो. व्हॅनगार्ड तिथेही चालू देत नाही. अकाउंट घालवून बसाल.

५. बीजीएमआय आणि फ्री फायर? आमचा धाकटा ब्लूस्टॅक्सवर खेळालाय.

हे मोबाईलचे गेम. ब्लूस्टॅक्स लिनक्ससाठी येतच नाही. लिनक्सवर वेड्रॉइड नावाने अँड्रॉइड चालवता येतं, पण स्पर्धेच्या गेमसाठी त्यावर विसंबू नका. धाकट्याचं सगळं जग फ्री फायर असेल तर त्याचा पीसी आहे तसाच राहू द्या.

६. माझ्याकडे जीटी ७१० कार्ड आहे. लिनक्स हलकं असतं म्हणे, मग गेम पळतील ना?

लिनक्स हलकं असतं हे खरं, पण कार्ड तेच राहतं. उलट जुन्या कार्डांना लिनक्सवर जास्त त्रास होतो. जीटी ७१० सारख्या केप्लर पिढीच्या एनव्हीडिया कार्डांना जुना ४७० क्रमांकाचा ड्रायव्हर लागतो आणि त्यात वल्कन १.२ पर्यंतच आहे. नव्या प्रोटॉनमधल्या दुभाष्याला १.३ हवं. म्हणजे जुनं प्रोटॉन निवडून जुने गेम खेळायचे, एवढंच हातात राहतं. चौथ्या पिढीपर्यंतच्या इंटेल ग्राफिक्सचं वल्कनही अर्धवट आहे. सान अँड्रियास, जुना एनएफएस यांपलीकडे आशा धरू नका.

जीटीएक्स ७५० टीआय, १०५० टीआय, १०६० असेल तर चालेल. फक्त एनव्हीडियाने या पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची ड्रायव्हर मालिका ठरवलीय, त्यानंतर नवे सुधार येणार नाहीत. एएमडीचं आरएक्स ५७०-५८० असेल तर नशीबवान आहात. त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासूनच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. सेकंड हँड कार्ड घ्यायला कोल्हापूरला जाणार असाल आणि लिनक्सचं पक्कं असेल, तर एएमडीच बघा.

७. एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढतात की कमी होतात?

गेमवर आहे. एएमडी कार्डावर बहुतेक गेम विंडोजच्या बरोबरीने चालतात, कधी थोडे पुढेही. एनव्हीडियावर डायरेक्टएक्स १२ चे गेम लिनक्सवर मागे पडतात, हे जुनं दुखणं आहे. एफपीएस वाढवायला म्हणून कोणी बदलत असेल तर मी थांबवतो. रॅमची दुसरी काडी टाका, फरक जास्त दिसेल.

८. कुठलं लिनक्स टाकायचं? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

माझं मत: पीसी घरात सगळ्यांचा असेल तर लिनक्स मिंट. दिसायला विंडोजसारखं, वडिलांनाही बुजायला होत नाही, आणि एनव्हीडियाचा ड्रायव्हर दोन क्लिकमध्ये बसतो. पीसी फक्त गेमसाठी आणि कार्ड नव्यातलं असेल तर बझाइट. त्यात स्टीम आणि ड्रायव्हर तयार येतात आणि मोडतोड करायला फारसा वाव नसतो. पण त्याचे अपडेट मोठे असतात (प्रश्न १२ बघा). हात घाण करायची हौस असेल तर कॅचीओएस, मग रात्री अकराला मला फोन करायचा नाही.

काहीही टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, हार्डडिस्कला हात न लावता. त्यात पहिलं बघायचं ते वायफाय. बाजारातले दोनशे-तीनशे रुपयांचे बोटभर यूएसबी वायफाय कधी कधी ओळखलेच जात नाहीत. अशा वेळी मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, ते जवळपास नेहमी चालतं.

९. विंडोज न काढता दोन्ही ठेवता येतील काय?

येतील, आणि बहुतेकांना मी हेच सांगतो. शक्यतो लिनक्सला वेगळी एसएसडी द्या, जुनी २४० जीबीची असली तरी सुरुवातीला भागतं. एकाच डिस्कवर करायचं असेल तर पार्टिशन विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच लहान करा, फास्ट स्टार्टअप बंद करा आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. कागदावर म्हणजे कागदावर, त्याच पीसीवरच्या नोटपॅडमध्ये नव्हे. हो, असं केलेला माणूस भेटलाय.

ऑगस्ट २०२४ मधल्या एका विंडोज अपडेटने दोन्ही ठेवणाऱ्या अनेकांचं लिनक्स सुरूच होईना. वेगळी डिस्क असली तरी हा धोका पूर्ण जात नाही, पण निस्तरणं सोपं जातं.

१०. लिनक्स टाकताना सिक्युअर बूट बंद करा म्हणतात. पण मग विंडोज ११ वर व्हॅलोरंट चालेना. काय करू?

बरोबर पकडलंस. सिक्युअर बूट म्हणजे पीसी सुरू होताना फक्त ओळखीची सिस्टीम चढू देणारी सोय. विंडोज ११ वर व्हॅनगार्डला टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू लागतात. तेव्हा ते बंद करायचंच नाही. मिंट, उबुंटू, फेडोरा सिक्युअर बूट चालू असतानाही बसतात. फक्त एनव्हीडियाचा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड विचारतात आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तिथे घाबरून 'कंटिन्यू' दाबू नकोस. 'एनरोल' निवड, तोच पासवर्ड दे. हा पडदा एकदाच येतो. तो चुकला की ड्रायव्हर चढत नाही आणि मग सगळे म्हणतात लिनक्स स्लो आहे. बझाइटलाही अशीच चावी द्यावी लागते. कॅचीओएस मात्र सिक्युअर बूट बंद करूनच टाकावं लागतं, चावीचं काम नंतर हाताने. तुझ्यासाठी नकोच.

११. डी ड्राइव्हवर ३०० जीबी गेम आहेत. तेच लिनक्समध्ये दाखवून खेळता येतील ना?

दिसतील. काही चालतीलही. पण ती ड्राइव्ह एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीची असते, आणि तिच्यावरून प्रोटॉनचे गेम चालवताना कधी गेम उघडत नाही, कधी अपडेट अडकतो. सवय म्हणून नको. लिनक्सच्या एक्सटी४ पार्टिशनवर स्टीमची वेगळी लायब्ररी करा आणि गेम तिथे आणा. दुसरा पीसी हाताशी असेल तर परत डाउनलोड न करता कसं ते पुढच्या उत्तरात.

सेव्ह फाइल विसरू नका. स्टीम क्लाउड असलेल्या गेमची काळजी नाही. बाकीच्यांची सेव्ह बहुतेक वेळा विंडोजच्या डॉक्युमेंट्समध्ये किंवा अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये असते. ती आधी कॉपी करा.

१२. आम्ही खानापूर तालुक्यात. फायबर नाही, मोबाईलच्या नेटवर सगळं. जमेल?

जमेल, तीन गोष्टी सांभाळा. पहिली: मिंट घ्या, त्याचे अपडेट किरकोळ असतात. बझाइट अख्खी सिस्टीम बदलतं, प्रत्येक वेळी गिगाबाइटच्या हिशेबात. दुसरी: स्टीमच्या सेटिंगमध्ये शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम) आधीच उतरवून घेण्याची सोय असते, ती बंद करा. काही गेमना ती वरचेवर बराच डेटा खाते. बंद केल्यावर गेम पहिल्यांदा थोडा अडखळतो, मग सुरळीत. तिसरी आणि सगळ्यात कामाची: स्टीममध्ये २०२३ पासून घरातल्या घरात एका पीसीवरून दुसऱ्यावर गेम नेता येतो, एक विंडोज आणि दुसरा लिनक्स असला तरी. बेळगावला मित्राच्या रूमवर पीसी घेऊन जा, एकाच राउटरला जोडा, चहा घेऊन येईपर्यंत गेम आलेला असतो.

१३. पावसाळ्यात लाईट सारखी जाते. अपडेट चालू असताना गेली तर?

माझी गेलीय. जुलैचा पाऊस, मिंटचा कर्नल अपडेट निम्म्यावर, आणि यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली. लाईट आल्यावर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. पाच मिनिटं छातीत धडधड झाली. मग सुरू होताना शिफ्ट दाबून मेनू आणला, 'अ‍ॅडव्हान्स्ड' मधून जुना कर्नल निवडला, मशीन उभं राहिलं आणि अर्धवट अपडेट पुन्हा टाकलं. मिंट जुना कर्नल लगेच पुसत नाही, त्यामुळे वाचलो. त्या दिवसापासून टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टीमची प्रत काढून ठेवणारं टूल, आठवड्याला चालू आहे. बझाइटमध्ये हे दुखणं कमी. नवी सिस्टीम बाजूला तयार होते आणि मागची तशीच राहते, बूट मेनूतून परत जाता येतं.

तरी यूपीएसची बॅटरी बदला.

१४. एपिकवर फुकट घेतलेले गेम, गेम पास आणि… ते पेनड्राइव्हवाले गेम?

एपिक आणि जीओजी या गेमच्या दुकानांसाठी हिरोइक हा लाँचर टाका, तुमच्याच अकाउंटने आत जा. मे २०२० मध्ये फुकट घेतलेलं जीटीए ५ त्यातून चालतं, ऑनलाइन सोडून (प्रश्न ४). मायक्रोसॉफ्टच्या गेम पासचे गेम लिनक्सवर उतरवून खेळता येत नाहीत.

पेनड्राइव्हवाल्या क्रॅक गेममध्ये मी मदत करत नाही, विचारू नका. एवढंच सांगतो की असा गेम अडला तर तो लिनक्समुळे अडला, क्रॅकमुळे की आतल्या व्हायरसमुळे, हे शोधण्यात सुट्टीचा रविवार जातो.

१५. कंट्रोलर, स्टिअरिंग, आरजीबी?

प्लेस्टेशन ४ आणि ५ चे कंट्रोलर लावले की चालतात. खडे बाजारातले साधे यूएसबी कंट्रोलरही बहुतेक वेळा एक्सबॉक्सचे म्हणून ओळखले जातात. नाहीच झाले तर मधलं बटण काही सेकंद दाबून मोड बदला. लॉजिटेक जी२९ स्टिअरिंग चालतं, त्याचं जी हब सॉफ्टवेअर मात्र लिनक्सला नाही. दिव्यांसाठी ओपनआरजीबी.

१६. पीसी घरात एकच. पप्पांचं टॅली आहे, बहिणीला कन्नड टाइपिंग लागतं. अडेल काय?

इथे अडतं, आणि गेमपेक्षा जास्त अडतं. टॅली, श्री-लिपी, नुडी ही विंडोजची मंडळी. उद्यमबागेतल्या कारखान्याचं ड्रॉइंग घरी उघडणाऱ्यांचं ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्सही तसंच. वाईनमध्ये चालवायचा खटाटोप करू नका. गेम बंद पडला तर चालतं, महिनाअखेरीला टॅली बंद पडलं तर घरात राहणं अवघड होईल. विंडोज ठेवा (प्रश्न ९). परीक्षेसाठी सेफ एक्झाम ब्राउझर लागत असेल तरीही ठेवा, तो लिनक्सवर येत नाही.

साधं युनिकोड टाइपिंग मात्र लिनक्सवर छान होतं. बहिणीला नुडीतल्या कगप कळफलकाची सवय असेल तर तो कळफलक लिनक्समध्ये आधीपासून आहे. गंमत म्हणजे त्याच कगपचा मराठी प्रकारही यादीत दिला आहे. कन्नड शाळेत टाइपिंग शिकून घरी मराठी लिहिणाऱ्यांना बोटांची नवी सवय लावावी लागत नाही.

१७. गेम चालतो, पण मधल्या व्हिडिओच्या जागी रंगीत पट्टे येतात. जुन्या दूरदर्शनसारखे. कार्ड गेलं काय?

कार्ड ठणठणीत आहे. त्या व्हिडिओचा फॉरमॅट परवान्याच्या भानगडीमुळे प्रोटॉनमध्ये चालत नाही, म्हणून त्या जागी पट्टे दाखवतात. प्रोटॉनअप-क्यूटी हे छोटं टूल टाका, त्यातून जीई-प्रोटॉन (प्रोटॉनची वाल्व्हबाहेर बनलेली आवृत्ती) उतरवा, आणि स्टीममध्ये त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कंपॅटिबिलिटी' खाली ते निवडा. बहुतेक वेळा पट्टे जातात.

१८. लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलो की घड्याळ साडेपाच तास मागे जातं.

बिघाड नाही. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स ग्रीनिचची. फरक साडेपाच तासांचाच. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगणारी एका ओळीची कमांड आहे, मला मेसेज करा, पाठवतो. तोपर्यंत विंडोजमध्ये 'सिंक नाऊ' दाबा. चुकलेल्या वेळेमुळे कधी कधी लॉगिनही होत नाही, तेव्हा आधी घड्याळ बघा.

१९. नाही आवडलं तर परत विंडोजवर येता येईल ना? लायसन्स जाणार नाही?

येता येईल. विंडोज खरं आणि डिजिटल लायसन्सवालं असेल तर ते त्याच मदरबोर्डला ओळखतं. परत टाकून नेट जोडलं की आपोआप सक्रिय होतं. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. लिनक्समधून विंडोजचा पेनड्राइव्ह बनवायला गेलात तर मिंटमधल्या साध्या इमेज रायटरने लिहिलेला पेनड्राइव्ह बूट होत नाही, त्यासाठी व्हेंटॉयसारखं वेगळं टूल लागतं. म्हणून विंडोज काढण्याच्या आदल्या दिवशी, अजून विंडोजमध्ये असतानाच, आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या टूलने इन्स्टॉलर बनवा, त्यावर चिकटपट्टी लावून 'विंडोज' लिहा आणि पीसीच्या खोक्यात टाकून ठेवा. धाकट्याच्या हाती लागू देऊ नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्यावर गाणी भरलेली असतात.